निधी उभारणे आणि निधी पोहोचवणे

कलावंतांचे मदतनिधीचे कार्यक्रम म्हणजे निव्वळ प्रसिद्धीची हौस, हे काहींचे मत मला सरसकट पटत नाही. मात्र अशा निधीचे पुढे काय होते, हा त्यामागचा प्रश्न रास्त आहे. १ ऑगस्ट १९७१ रोजी पंडित रविशंकर आणि ‘बीटल्स’ या ब्रिटिश बँडचे माजी गिटारवादक जॉर्ज हॅरिसन यांनी न्यूयॉर्कमध्ये बांगलादेशी निर्वासितांसाठी एकाच दिवशी दोन मैफली केल्या. तिकिटांचे सुमारे अडीच लाख डॉलर युनिसेफकडे गेले, परंतु ध्वनिमुद्रिका व चित्रपटाच्या उत्पन्नावर करसवलतीची तजवीज आधी न केल्यामुळे त्यातील मोठी रक्कम अमेरिकेच्या करखात्यात कित्येक वर्षे अडकून पडली. हेतूत खोट नव्हती, कागदपत्रांत होती.

याउलट आपल्याकडील सामाजिक कृतज्ञता निधीचे उदाहरण पाहावे. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, तनुजा आदी कलावंतांनी अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’ या विनोदी नाटकाचे प्रयोग या निधीसाठी केले. (सामाजिक कार्यासाठी गंभीर नाटकच हवे, असा आग्रह कोणी धरला नाही, हे बरेच झाले.) जमलेली रक्कम एका झटक्यात वाटून न टाकता ती ठेव म्हणून राखायची आणि तिच्या व्याजातून पूर्णवेळ सामाजिक कार्यकर्त्यांना दरमहा मानधन द्यायचे, अशी ही योजना होती. ते मानधन तुटपुंजेच असे; पण ज्याच्या घरात दुसरी मिळकत नाही, अशा कार्यकर्त्याचा किराणा त्यातून भरला जात असे. फोटो काढण्याजोगे त्यात काहीच नव्हते.