१९२० पूर्वी अमेरिकेतील स्त्रियांचे मतदान

प्रश्न (सोलापूर): बाळीवेशीतल्या आमच्या महिला मंडळात मला या विषयावर बोलायचे आहे. अमेरिकेत १९२० च्या घटनादुरुस्तीने स्त्रियांना देशभर मताधिकार मिळाला, पण त्यापूर्वीच काही राज्यांत स्त्रिया मतदान करत होत्या, हे कसे?

उत्तर: ताई, मतदार कोण, हे तेथे मुख्यतः राज्येच ठरवत, म्हणून वायोमिंगने राज्य होण्यापूर्वीच, १८६९ मध्ये, हा हक्क दिला आणि कोलोरॅडोत १८९३ मध्ये पुरुष मतदारांनी कौल देऊन तो मान्य केला.

दुसरे उत्तर: मिळालेला हक्क हिरावलाही गेला, हे मंडळात अवश्य सांगा. तेव्हा राज्य नसलेल्या युटातील स्त्रियांचा मताधिकार १८८७ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, काढून घेतला.

प्रश्नकर्ती: मनापासून आभार. टेनेसी राज्याचे महत्त्व काय?

उत्तर: १९२० च्या त्या घटनादुरुस्तीला मंजुरी देणारे ३६ वे राज्य हवे होते. टेनेसीच्या विधिमंडळाचे २४ वर्षांचे सदस्य हॅरी बर्न कोटावर विरोधकांचे लाल गुलाब लावून सभागृहात आले होते, पण खिशात दुरुस्तीला पाठिंबा द्यायला सांगणारे आईचे पत्र होते. त्यांनी होकार दिला.