दोन झिऑन ई५-२६२० व्ही४ असलेल्या सर्व्हरसाठी रॅम निवडताना नेमके काय तपासावे?

लॅबचाचावीवाला:
नमस्कार. आमच्या तंत्रनिकेतनातील प्रयोगशाळेत दोन सॉकेटचा एक रॅक सर्व्हर आहे. त्यात इंटेल झिऑन ई५-२६२० व्ही४ हे दोन प्रोसेसर आणि रॅमचे एकूण २४ स्लॉट आहेत. सध्या प्रत्येक प्रोसेसरला १६ जीबीच्या दोन, म्हणजे एकूण चार स्टिक लावलेल्या असून त्यांच्या लेबलवर ‘२आरएक्स४ पीसी४-२४००टी-आर’ असे छापलेले आहे. विद्यार्थ्यांसाठी व्हर्च्युअल मशीन चालवायची असल्याने मेमरी २५६ जीबीच्या आसपास न्यायची आहे.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवरील एका विक्रेत्याने वापरलेल्या मालाचे दोन पर्याय सांगितले. पहिला ३२ जीबीच्या आठ स्टिकचा, ज्यांचे वर्णन त्याने ‘३२००, ईसीसी (चुका ओळखून दुरुस्त करणारी) रजिस्टर्ड’ एवढेच केले. दुसरा ६४ जीबीच्या, ‘एलआरडिम’ प्रकारच्या चार स्टिकचा, जो स्वस्त पडतो. प्रोसेसरच्या माहितीपत्रकात २१३३ च्या पुढचा वेग दिलेलाच नाही, त्यामुळे ३२०० ची रॅम चालेल का, हा माझा मुख्य प्रश्न आहे. जुन्या चार स्टिकही सोबत ठेवता आल्या तर बरे होईल.

रॅकमधलाधूळ:
वेगाची काळजी आपण सर्वांत शेवटी केली तरी चालेल. अधिक वेगाची स्टिक प्रोसेसरला झेपेल त्या वेगावर उतरून चालते. आपल्या २४०० च्या स्टिकही आज २१३३ वरच चालत असणार. लिनक्स असेल तर रूट म्हणून ‘डीएमआयडिकोड’ ही आज्ञा मेमरीपुरती चालवून पाहा. स्टिकचा मूळ वेग आणि प्रत्यक्ष ठरवलेला वेग या दोन वेगळ्या ओळी त्यात दिसतील.

खरा अडसर प्रकाराचा असतो. आरडिममध्ये, म्हणजे रजिस्टर्ड स्टिकमध्ये, पत्ता आणि आज्ञा यांच्या तारा रजिस्टरमधून जातात, तर एलआरडिममध्ये डेटाच्या तारांवरही बफर असतो. हा प्रोसेसर दोन्ही प्रकार स्वीकारतो, पण एकाच सर्व्हरमध्ये दोन्ही मिसळता येत नाहीत. म्हणजे स्वस्तातले एलआरडिम घेतले की जुन्या चार स्टिक काढाव्याच लागतील. शिवाय चार स्टिक दोन प्रोसेसरांत वाटल्यावर प्रत्येकाच्या चारपैकी दोनच चॅनेल (प्रोसेसर आणि रॅम यांमधले डेटाचे मार्ग) भरतील, आणि ही उणीव आपल्याकडे आजही आहे. २१३३ वर एका चॅनेलची क्षमता सेकंदाला सुमारे १७ जीबी, चारही भरल्यास ६८ जीबी. आपण निम्म्यावर काम भागवत आहात. केवळ या कारणासाठी मी आठ स्टिकचा पर्याय घेईन.

‘ईसीसी’ या शब्दावर मात्र विसंबू नका. ईसीसी असलेली, पण रजिस्टर नसलेली स्टिकही मिळते, आणि डीडीआर४ मध्ये दोघींच्या २८८ पिना व खाच सारखीच असल्याने ती स्लॉटमध्ये मुकाट्याने बसते. मी एकदा अशीच बसवून अर्धा दिवस नुसते पंखे फिरताना पाहत बसलो होतो. (डीडीआर५ मध्ये खाचच वेगळी केल्यामुळे ही चूक आता होत नाही.) विक्रेत्याकडून लेबलचा फोटो मागवा आणि ती पूर्ण ओळ येथे लिहा.

लॅबचाचावीवाला:
आभारी आहे. फोटो आला. लेबलवर ‘३२जीबी २आरएक्स८ पीसी४-३२००एए-आर’ असे आहे. ‘आर’ असल्यामुळे ती रजिस्टर्ड आहे, हे आता समजले. मागणी नोंदवू का?

चिपमोजणारा:
कृपया थांबावे. ‘२आरएक्स८’ या अक्षरांतच अडचण आहे. ‘२आर’ म्हणजे दोन रँक, अर्थात एकत्र काम करणाऱ्या चिपांचे दोन गट, आणि ‘एक्स८’ म्हणजे प्रत्येक चिप ८ बिट रुंद. एका रँकची डेटाची रुंदी ६४ बिट असते. एक्स८ चिप वापरल्यास प्रत्येक रँकला डेटासाठी आठ चिप लागतात, म्हणजे दोन रँकना सोळा. सोळा चिपांतून ३२ जीबी मिळवायचे तर प्रत्येक चिप १६ गिगाबिटची असली पाहिजे. ई५ व्ही४ हा २०१६ मधील प्रोसेसर असून त्याचा मेमरी कंट्रोलर ४ आणि ८ गिगाबिटच्या चिपांसाठी बनवलेला आहे; १६ गिगाबिटच्या चिपांचा आधार इंटेलने पुढे, २०१९ च्या कॅस्केड लेक पिढीत दिला. त्यामुळे प्रकार बरोबर, व्होल्टेज बरोबर, वेगही उतरू शकणारा, आणि तरीही ही स्टिक आपल्या सर्व्हरने ओळखण्याची आशा धरू नये.

आपल्याला ‘३२जीबी २आरएक्स४’ हवी. तिच्यात डेटाच्या बत्तीस चिप, प्रत्येकी ८ गिगाबिटच्या, आणि ईसीसीच्या चार, म्हणजे दोन्ही बाजू मिळून छत्तीस चिप असतात. विक्रेत्याने दाखवलेल्या स्टिकवर अठराच असतील. लेबल फाटलेले असले तरी बोटाने मोजून खात्री करता येते. ‘१आरएक्स४’ लिहिलेली ३२ जीबीची स्टिकही अठरा चिपांचीच असते, तीही टाळावी. वेग २४००टी असो वा २६६६व्ही, आपल्याला फरक पडणार नाही. जी स्वस्त मिळेल ती घ्यावी.

रॅकमधलाधूळ:
हा मुद्दा माझ्याकडून राहून गेला होता. सर्व्हर बनवणाऱ्याच्या तपासलेल्या मेमरीच्या यादीतही एकदा पाहून घ्या. यादीत नसलेली स्टिक चालणारच नाही असे नव्हे, पण यादीतला पार्ट नंबर मिळाला तर वाद घालायची वेळ येत नाही.

जुन्या स्टिकबद्दल: त्या आरडिम असल्याने नव्या आरडिमसोबत चालतील. मात्र त्या लावल्यावर प्रत्येक प्रोसेसरच्या दोन चॅनेलवर ४८ जीबी आणि उरलेल्या दोनवर ३२ जीबी असा असमतोल होईल. ३२ जीबीच्या आठ स्टिक म्हणजे नेमके २५६ जीबी होतात, तेव्हा जुन्या बाजूला ठेवाव्यात असे मला वाटते. तरीही लावायच्याच असतील तर मोठी स्टिक प्रत्येक चॅनेलच्या पहिल्या स्लॉटमध्ये आणि लहान दुसऱ्यात लावावी. स्लॉटचा क्रम सर्व्हरच्या झाकणाच्या आतील आकृतीत सहसा दिलेला असतो.

लॅबचाचावीवाला:
विक्रेत्याने ‘२आरएक्स४ पीसी४-२४००टी-आर’ लिहिलेल्या आठ स्टिक बदलून दिल्या. मागणीपूर्वी फोटोत छत्तीस चिप मोजून घेतल्या होत्या. आठही स्टिक पहिल्या प्रयत्नात ओळखल्या गेल्या, सर्वांचा ठरवलेला वेग २१३३ दिसतो, आणि सध्या मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) चालू आहे. २५६ जीबीला तो बराच वेळ घेतो आहे. पहिली फेरी अजून पूर्ण झालेली नाही. जुन्या चार स्टिक प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवल्या आहेत.