जुन्या उष्णतेचे ज्यूल करताना गुणक कोणाचा: आजचा की त्या काळचा?

हिमांक:
विज्ञानाच्या इतिहासावरच्या मराठी लेखांत जुने आकडे आजच्या गुणकाने गुणून सरळ ज्यूलमध्ये दिलेले असतात. मूळ प्रयोगकर्त्याने प्रत्यक्ष काय मोजलं होतं, हे कोणी बघत नाही. माझं मत ठाम आहे: मोजलेली वस्तू घ्या, ती आजच्या स्थिरांकाने ज्यूलमध्ये आणा. त्याने पुढे काढलेल्या संख्येला हात लावू नका.

लाव्हाझिए आणि लाप्लास या फ्रेंच शास्त्रज्ञांचा १७८३ चा प्रयोग घ्या. बर्फाच्या कॅलरीमापीत (वितळलेल्या बर्फावरून उष्णता मोजणाऱ्या भांड्यात) गिनीपिग ठेवला आणि १० तासांत १३ औंस बर्फ वितळला असं धरलं. हा पॅरिसचा औंस, म्हणजे ४८९.५ ग्रॅमच्या पौंडाचा सोळावा भाग: ३०.५९ ग्रॅम. इथे इंग्रजी औंस (२८.३५) धरला तर पहिल्याच पायरीला सात टक्के गेले. बर्फ भरतो ३९८ ग्रॅम. आजचा अप्रकट उष्मा (बर्फ वितळवायला लागणारी उष्णता) ३३३.६ ज्यूल प्रति ग्रॅम, म्हणून १३२.७ किलोज्यूल, म्हणजे सरासरी ३.७ वॅट.

आता त्यांच्याच मार्गाने जा. बर्फ वितळवणारी उष्णता तेवढंच पाणी ६० रेओम्यूर अंश, म्हणजे ७५ सेल्सिअस अंश तापवते, असा त्यांचा हिशोब होता. त्यावरून येतात १२५ किलोज्यूल. सहा टक्क्यांचा हा फरक गिनीपिगचा नाही, त्यांच्या अप्रकट उष्म्याचा आहे.

दट्ट्या:
हिमांक, तुमचं गणित बरोबर आहे, पण १३२.७ मधला दशांश कशाच्या जोरावर? वितळलेलं पाणी बर्फाच्या खड्यांमध्ये अडकून राहतं, सगळं खाली गळत नाही. इंग्रज कुंभकार वेजवुडने त्याच काळात हा आक्षेप घेतला होता. बर्फ आधीच पाण्याने संपृक्त असेल तर चूक कमी, कोरडा असेल तर जास्त. शिवाय श्वसन म्हणजे मंद ज्वलन, हा लाव्हाझिए-लाप्लास यांचा निष्कर्ष गुणोत्तरावर उभा आहे. गिनीपिगने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडइतकाच वायू देणारा कोळसा जाळला तर सुमारे १०.४ औंस बर्फ वितळेल, आणि प्राण्याने वितळवला १३. दोन्ही बाजूंना तोच बर्फ, त्यामुळे अप्रकट उष्मा छेदून जातो. तिथे ज्यूल आणणं म्हणजे नसलेली अचूकता चिकटवणं. मूळ एकक तसंच ठेवा, कंसात ‘सुमारे १३० किलोज्यूल’ लिहा. पुरे.

आणि तुमचा नियम वाफेच्या इंजिनांच्या नोंदींवर उलटतो. जेम्स ज्यूलने १८५० मध्ये १ बीटीयूला (एक पौंड पाणी एक फॅरनहाइट अंश तापवणारी उष्णता) ७७२ फूट-पौंड काम दिले, आणि अभियंते कित्येक वर्षं तोच आकडा वापरत होते. आज तो ७७८.१७ आहे. अश्वशक्ती-तास म्हणजे १९,८०,००० फूट-पौंड: ७७२ ने भागले तर २५६५ बीटीयू, आजच्या आकड्याने २५४४. जुन्या चाचणीत २५६५ दिसलं की समजा, कार्यक्षमता ७७२ धरून काढली आहे. ती कशी आली हे दाखवायचं असेल तर त्यांचाच गुणक लागतो.

हिमांक:
कशी आली हे दाखवायला, हो. पण इंजिनाची खरी कार्यक्षमता सांगायची असेल तर? तिथे मोजलेल्या गोष्टी दोनच: दर्शकाच्या (सिलिंडरमधला दाब नोंदणाऱ्या उपकरणाच्या) आलेखावरून काढलेलं काम आणि बॉयलरच्या पाण्याला दिलेली उष्णता. ज्यूल मिळवायला फूट-पौंडांतलं काम १.३५५८ ने गुणा, बीटीयू १०५५ ने. ७७२ कुठेच लागत नाही. जुनी छापील कार्यक्षमता मात्र ०.८ टक्का फुगलेली निघते: १० टक्के लिहिलं असेल तर ९.९२.

खुद्द ज्यूलच्या प्रयोगालाही हेच लागू. वजनं पडून झालेलं काम आणि पाण्याचं वाढलेलं तापमान वेगवेगळं ज्यूलमध्ये आणा. उष्णता कामापेक्षा ०.८ टक्का जास्त दिसेल. ती तफावत तशीच दिसू द्या, ती त्या प्रयोगाची माहिती आहे. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रोलंडने पुढे ज्यूलचे पारा-तापमापी हवेच्या तापमापीशी ताडून पाहिले, तेव्हा त्यातला मोठा भाग तापमापीचाच निघाला. ७७२ ने सगळं जुळवून टाकलं असतं तर हे कळलंच नसतं.

बाष्पघर:
दोघेही टक्क्यावर भांडताय, पण छापील लेखांत मी हजारपटीच्या चुका पाहते. रसायनशास्त्रज्ञ बर्थेलोच्या काळापासून फ्रेंच ग्रंथांत मोठ्या अक्षराची कॅलरी किलोग्रॅमभर पाणी एक अंश तापवणारी, लहान अक्षराची ग्रॅमभर. देवनागरीत दोन्ही ‘कॅलरी’च होतात आणि फरक पुसला जातो. एकच तपासणी करा: कोळशाचं ज्वलनमूल्य ७००० च्या आसपास असेल तर कॅलरी प्रति ग्रॅम किंवा किलोकॅलरी प्रति किलो, ७ च्या आसपास असेल तर किलोकॅलरी प्रति ग्रॅम.

एका कॅलरीचे ज्यूल ४.१८४ (रासायनिक), ४.१८५५ (१५ अंशाची) आणि ४.१८६८ (वाफसारणीची, १९५६) यांतला वाद मात्र जुन्या नोंदींत सोडून द्या. टोकांमधला फरक ०.०७ टक्का आहे. १८७० च्या तापमापीला तो दिसतही नाही.

दट्ट्या:
०.०७ सोडा, मान्य. पण हिमांक, खऱ्या कार्यक्षमतेचं पटलं तरी छापील १० टक्के खोडून ९.९२ लिहिणं मला मान्य नाही. दोन्ही आकडे शेजारी द्या आणि वर ‘७७२ धरून’ असं लिहा. नाहीतर मूळ ग्रंथ उघडणाऱ्या वाचकाला वाटेल की आपणच चुकीचं उतरवलं.