शब्दचर्चा : स्विचच्या संदर्भात ‘लूप’, ‘लर्निंग’ आणि ‘फ्लॅपिंग’

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातील एका जिनिंगमध्ये वजनकाटा, कार्यालय आणि गाठींचे गोदाम जोडणाऱ्या स्विचांची (नेटवर्कच्या केबली एकत्र जोडणाऱ्या पेट्यांची) देखभाल मी करतो. ऐन हंगामात एका संध्याकाळी सगळे नेटवर्क ठप्प झाले, कारण टेबलाखालच्या स्विचमध्ये एकाच केबलची दोन्ही टोके खोचली गेली होती. सोबतच्या मुलांना हे समजावताना मी ‘लूप’ला रहाटगाडगे म्हटले आणि स्विच पत्ते ‘शिकतो’ असे सांगितले. हे शब्द योग्य आहेत का?

उत्तर : रहाटावर गाडगी जितकी असतात तितकीच फिरतात, म्हणून ती उपमा अपुरी पडते. सर्वांसाठी निघालेली फ्रेम (नेटवर्कवरून जाणारा माहितीचा तुकडा) ही दवंडी आहे; ज्या पोर्टवरून (केबल खोचायच्या जागेवरून) ती आली ते सोडून उरलेल्या सगळ्या पोर्टांवर स्विच ती पाठवतो, आणि वाट फिरून त्याच्याचकडे येत असेल तर तीच दवंडी नवी समजून पुन्हा सगळीकडे पिटतो. आयपीच्या (इंटरनेटच्या पद्धतीतल्या) पाकिटाला आयुष्य ठरवणारा आकडा असतो, तसा इथरनेटच्या (केबलवरच्या स्थानिक नेटवर्कच्या) फ्रेमला नसल्यामुळे हे आपोआप थांबत नाही. ‘फेरा’ हा शब्द मला इथे नेमका वाटतो, कारण फेऱ्यातून सुटका करून घ्यावी लागते. त्यातून उसळणाऱ्या गर्दीला ‘वादळ’ म्हणू नये, कारण वादळ आपसूक ओसरते. ‘दवंड्यांचा कल्लोळ’ म्हणावे.

‘शिकणे’ मात्र सोडावे. काट्याच्या फाटकावर कोणती गाडी कोणत्या बाजूने आली हे वहीत लिहितात, तसा स्विच पाठवणाऱ्याचा मॅक पत्ता (यंत्राच्या नेटवर्क जोडणीचा ओळखक्रमांक) आणि पोर्ट एवढेच टिपतो, खरेखोटे तपासत नाही, आणि तो पत्ता पुन्हा दिसला नाही तर बहुतेक स्विचांत ३०० सेकंदांनी नोंद पुसतो. याला ‘नोंद घेणे’च म्हणता येईल. जुन्या स्पॅनिंग ट्रीमध्ये (फेरे ओळखून तोडणाऱ्या स्विचमधल्या व्यवस्थेत) पोर्ट सुरू होताना १५ सेकंदांची ‘लर्निंग’ अवस्था असते; त्या वेळीही पोर्ट फक्त नोंदी करतो, फ्रेम पुढे पाठवत नाही.

प्रश्नकर्ता : मग ‘फ्लॅपिंग’ला काय म्हणावे? त्या संध्याकाळी काट्यावरील संगणकाचा पत्ता कधी त्याच्या खऱ्या पोर्टवर, तर कधी टेबलाखालच्या स्विचकडे जाणाऱ्या पोर्टवर दिसत होता.

उत्तर : ‘धरसोड’. परंतु धरसोड दिसली म्हणजे फेरा आहेच, असे शब्दातून सूचित होऊ देऊ नये. एकाच पत्त्याची धरसोड असेल, तर वायफायच्या एका ठिकाणाहून दुसऱ्याकडे सरकणारा लॅपटॉप किंवा एकच पत्ता लावलेली दोन यंत्रे हेही कारण असू शकते. अनेक पत्ते एकाच वेळी त्याच दोन पोर्टांमध्ये हेलकावू लागले, तर फेऱ्याचा संशय घ्यावा आणि त्यांपैकी संशयित पोर्टची केबल काढून स्विचवरचे लुकलुकणारे दिवे शांत होतात का ते पाहावे. आपल्याकडे टेबलाखालचा साधा स्विच असल्यामुळे त्यात स्पॅनिंग ट्री बहुधा नसेलच, तेव्हा तपासणी तिथूनच सुरू करावी.