सेवण गवतातल्या सिलिकाबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी नववीला विज्ञान शिकवते. थरच्या वाळवंटातल्या वनस्पतींवर मुलांसोबत तक्ते करतेय आणि सेवण या गवतापाशी गाडी अडली आहे.

बाकीची झाडं कोरड्यात कशी तग धरतात ते मुलांना पटकन पटतं. केर नावाच्या वाळवंटी झुडपाला पानं नावापुरती, तीही लवकर गळतात आणि हिरव्या फांद्याच अन्न बनवतात. रुईच्या पानावर मेणाचा पांढुरका थर असतो, तो बोटाने पुसला की खालचा हिरवा रंग दिसतो. हे तर वर्गातच दाखवता आलं. खेजडी म्हणजे आपली शमी. तिची मुळं इतकी खोल जातात की ऐन उन्हाळ्यात ती नवी पालवी धरते.

सेवण मात्र जैसलमेरकडे वर्षाला 250 मिमीहून कमी पावसात, वाळूतच तग धरतं. गवतं सिलिका, म्हणजे वाळूत आणि काचेत असतो तोच पदार्थ, साठवतात हे माहीत आहे: जमिनीतल्या पाण्यात विरघळलेलं सिलिसिक आम्ल मुळांवाटे वर जातं, पानातून पाणी उडून गेलं की पेशींत काचेसारखे कण उरतात. उसाच्या पानाची कड हात कापते ती याच कणांमुळे. भाताच्या तुसाची राख तर बहुतांशी सिलिकाच.

पण पाणी उडाल्यावर सिलिका साचत असेल, तर पाणी जपून वापरणाऱ्या वाळवंटी गवतात ती साचते कशी? भाताच्या मुळांत सिलिकॉन (सिलिकातलं मूलद्रव्य) आत घेणारं खास प्रथिन 2006 मध्ये जपानी संशोधकांनी शोधलं. सेवणात तसं काही सापडलंय का? शिवाय आसपासची वाळू म्हणजे क्वार्ट्झ, सिलिकाचंच स्फटिकरूप, पण ती पाण्यात फारच कमी विरघळते.

दुसरा प्रश्न मुलांनीच विचारला आणि मला तो फार आवडला. सिलिकाने पान खरखरीत होतं, चरणाऱ्या जनावरांचे दात झिजतात, म्हणून तो गवताचा बचाव, असं आपण शिकवतो. मग थारपारकर गाई सेवण आवडीने कशा खातात? सेवणात सिलिकाचा मुख्य उपयोग पाणी वाचवायला होत असेल का?

आणि एक प्रयोगाचं. ज्वारीचं वाळलेलं पान जाळून, राख विरल हायड्रोक्लोरिक आम्लाने धुऊन सिलिकाचे कण सूक्ष्मदर्शकाखाली दाखवायचे आहेत. शाळेत भट्टी नाही, चिनी मातीची मूस आणि स्पिरिटचा दिवा आहे. एवढ्या आचेवर काळा कार्बन पुरेसा जातो का? कुणी हे केलं असेल तर पान किती वेळ तापवलं आणि किती पट मोठं करून पाहिलं, तेवढं जरूर कळवा. थरच्या गवतांवर काम केलेलं कुणी इथे असेल तर फारच बरं होईल.