गॉस्पेलवाले थॉमस डॉर्सी : सुरुवात कुठून करू?

काळीपट्टी_पांढरीपट्टी
नमस्कार मंडळी. आमच्या चर्चच्या क्वायरमध्ये मी कीबोर्ड वाजवते. पुढच्या महिन्यात गॉस्पेल (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधलं भक्तिसंगीत) रचणाऱ्या डॉर्सींचं 'टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड' बसवायचंय, आणि त्याआधी त्यांच्याविषयी दहा मिनिटं बोलायचं काम माझ्याच गळ्यात पडलंय. यूट्यूबवर 'डॉर्सी' टाकलं की ट्रॉम्बोनवाला एक गोरा माणूस येतो! नोटेशन मिळवलं, पण ते शाळेच्या प्रार्थनेसारखं वाजतंय. काय ऐकू, काय वाचू?

ठेकेदार
ते टॉमी डॉर्सी, स्विंग बँडवाले. तुम्हाला हवेत ते थॉमस ए. डॉर्सी.
माझं ऐकाल तर 'प्रेशस लॉर्ड' आत्ता बाजूला ठेवा आणि आधी 'जॉर्जिया टॉम' शोधा. माणूस तोच, ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं सुखदुःखाचं लौकिक संगीत) गातानाचं नाव वेगळं. जन्म १८९९चा, जॉर्जियातल्या व्हिला रिकाचा. वडील धर्मोपदेशक, आई ऑर्गन वाजवायची. पोरगा मात्र अटलांटाच्या एका थिएटरात सोडा विकता विकता तिथल्या पियानोवाल्यांचे हात बघून शिकला. पुढे शिकागो, आणि १९२४मध्ये ब्लूजगायिका मा रेनीच्या बँडची जबाबदारी. १९२८चं 'इट्स टाइट लाइक दॅट' (सोबत गिटारवर टॅम्पा रेड) तुफान खपलं. शब्द चावट आहेत, चर्चच्या स्पीकरवर लावू नका. :)

रविवारची_घंटा
+१. पण बोलताना १९३२ सोडू नका. डॉर्सी सेंट लुईसला एका धर्मसभेत गायला निघाले. नोटेशनची बॅग विसरली म्हणून अर्ध्या वाटेतून परत आले, तर गरोदर बायको, नेटी, शांत झोपलेली. तिला न उठवताच निघाले. सभेत असतानाच तार आली : नेटी बाळंतपणात गेली. बाळही लगेच गेलं. त्यानंतरच्या दिवसांत पियानोशी बसून हे गाणं झालं. ही हकीकत ते स्वतःच सांगत असत.

तिरकस_तंबोरा
गाणं झालं म्हणजे शब्द झाले. चाल मूळची त्यांची नाही, जॉर्ज नेल्सन ॲलन यांच्या १९व्या शतकातल्या एका भजनाची आहे. भाषणात 'संगीतकार' म्हणताना सांभाळून.

ठेकेदार
तंबोराभाऊ, मुद्दा मान्य. पण मूळ भजन ऐका आणि मग गॉस्पेलगायिका महालिया जॅक्सनचं 'प्रेशस लॉर्ड' ऐका. सांगाडा एक, चालणं वेगळं. ते चालणं डॉर्सींचं. शिवाय 'पीस इन द व्हॅली' आहेच.

काळीपट्टी_पांढरीपट्टी
तेच 'चालणं' माझ्या हातात येत नाहीये!

ठेकेदार
कागदावर तीन मात्रा आहेत ना? लय निम्मी करा आणि प्रत्येक मात्रेचे मनात तीन तुकडे पाडा, एकूण नऊ. डाव्या हाताने पहिल्या तुकड्यावर खर्ज, उजव्याने उरलेल्यांत स्वरसमूह. ओळ संपली की गाणारा श्वास घेतो, तिथे पियानोने उत्तर द्यायचं. तिसरा स्वर कोमलवरून शुद्धावर घसरवत. कागद साधा आहे तो मुद्दाम. वहीतली बंदिश आणि मैफिलीतली बंदिश, तसंच.

रविवारची_घंटा
वाचायला मायकेल हॅरिस यांचं 'द राइज ऑफ गॉस्पेल ब्लूज'. जाडजूड आहे, पण शिकागोच्या प्रतिष्ठित चर्चना ब्लूजच्या वळणाचं हे भक्तिसंगीत आधी का खुपलं ते त्यातच नीट कळतं. चांगल्या चांगल्या चर्चमधून आपल्याला बाहेर काढलंय, असं डॉर्सी मिरवून सांगत! वेळ नसेल तर 'से आमेन, समबडी' (१९८२) हा माहितीपट बघा. म्हातारे डॉर्सी स्वतः आहेत त्यात. सॅली मार्टिनही भेटतील. डॉर्सींच्या नोटेशनविक्रीचा हिशेब ताळ्यावर आणणाऱ्या याच बाई. त्या नसत्या तर पैसे असेच इकडेतिकडे गेले असते.
अवांतर : ४ एप्रिल १९६८ला मेम्फिसमध्ये गोळी लागण्याच्या काही क्षण आधी मार्टिन ल्यूथर किंग बेन ब्रँच या वादकाला हेच गाणं त्या रात्री वाजवायला सांगत होते. अंत्यविधीत ते महालियाने गायलं.

तिरकस_तंबोरा
अवांतरात अवांतर : आपल्याकडे ना. वा. टिळकांनी अभंगाची चाल चर्चमध्ये नेली, त्याच्याशी ताडून बोललात तर श्रोते जागे राहतील.

काळीपट्टी_पांढरीपट्टी
हे मस्त आहे, टिळकांची गीतं सगळ्यांना पाठ आहेत. नऊ तुकडे मोजून वाजवलं काल. घरच्यांनी विचारलं, आज वेगळं काय वाजवतेयस? आता प्रश्न एकच, 'जॉर्जिया टॉम'चा तुकडा पाळकसाहेबांसमोर लावू का?

ठेकेदार
सुरुवातीचा वाद्यांचाच तेवढा लावा. गाणं सुरू व्हायच्या आत बोट पॉजवर.