पावसाळ्यात कोंबड्यांसाठी मोड आलेले धान्य

प्रश्न (डिचोली): परसातल्या गावठी कोंबड्यांसाठी मी मक्याला मोड आणतो, परंतु जुलैच्या दमट हवेत दोन-तीन दिवसांतच ट्रेमध्ये बुरशी दिसू लागते. ती कशी टाळावी, आणि केवळ या चाऱ्यावर कोंबड्यांचे भागेल का?

उत्तर (फोंडा): फुटके दाणे वेचून काढावेत, धान्य ८ ते १२ तास भिजवावे आणि तळाला भोके असलेल्या ट्रेमध्ये पातळ थर पसरून दिवसातून दोन-तीनदा धुवावे, पाणी मुळीच साचू देऊ नये. पावसाळ्यात हिरव्या पात्यांसाठी आठवडाभर न थांबता बारीक मोड आल्यावरच धान्य खाऊ घालणे मला अधिक सुरक्षित वाटते. बुरशी दिसल्यास संपूर्ण ट्रे टाकून द्यावा, कारण तिच्यातील विषारी घटक धुऊन जात नाहीत आणि कोंबडीच्या यकृताला इजा करू शकतात.

उत्तर (वाळपई): भागणार नाही. मोड आल्यावर धान्याचे वाढलेले वजन पाण्याचे असते. उलट मोड येताना दाण्यातील शुष्क अंश (पाणी वगळून उरणारा भाग) थोडा घटतोच. त्यामुळे अंड्यावरच्या कोंबडीचे मुख्य खाद्य लेयर फीडच (अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे तयार खाद्य) असू द्यावे आणि कॅल्शियमसाठी तिसऱ्यांच्या (खाण्याच्या शिंपल्यांच्या) शिंपल्या धुऊन, वाळवून, भरडून वेगळ्या भांड्यात ठेवाव्यात.

उत्तर (पेडणे): पेरणीसाठी मिळणारे रंग लावलेले बियाणे कृपया वापरू नका, त्यावर बुरशीनाशक असते.